क्यूटीच्या डायलॉगमधली बटणं मराठीत आणायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की सार्वजनिक वाचनालयासाठी पायसाइड ६ मध्ये (पायथनमधून क्यूटी ही खिडक्या-बटणांची लायब्ररी वापरायचं साधन) डेस्कटॉप ॲप बनवलंय, मेनू, लेबलं, स्वतः लिहिलेले मेसेज सगळं मराठीत दिसतंय, पण मेसेज बॉक्सखालची ओके, सेव्ह, डिसकार्ड, कॅन्सल ही बटणं आणि फाइल निवडायची खिडकी इंग्रजीतच राहते, ती कशी बदलायची आणि बदलताना शब्द कोणते घ्यायचे. तांत्रिक भाग तासाभरात उरकतो. शब्दांवर मात्र नीट वेळ द्या, कारण वापरणारा माणूस अडतो आणि नोंदी घालवून बसतो तो याच चार-पाच बटणांपाशी.

आधी कारण. 'सेव्ह' हा शब्द तुमच्या कोडमध्ये कुठेच नाहीये. तुम्ही मेसेज बॉक्सला फक्त सांगता की सेव्हचं स्टँडर्ड बटण दे, त्यावर काय लिहायचं ते क्यूटी ठरवतं, म्हणून एलअपडेट (कोडमधला मजकूर गोळा करणारं साधन) चालवलं तरी ते शब्द तुमच्या टीएस फाइलमध्ये, म्हणजे भाषांतराच्या फाइलमध्ये, येत नाहीत आणि ती भरायच्या लिंग्विस्ट या साधनात शोधून सापडत नाहीत. क्यूटीची स्वतःची भाषांतरं वेगळ्या फाइलींत असतात, नाव क्यूटीबेस आणि पुढे भाषेचा कोड, आणि त्या आपोआप लोड होत नाहीत, जर्मन किंवा फ्रेंच ॲप असलं तरी मुद्दाम लोड कराव्याच लागतात. म्हणजे तुम्हाला दोन ट्रान्सलेटर (भाषांतराची फाइल वाचून ॲपला देणारे ऑब्जेक्ट) हवेत, एक तुमच्या ॲपचा आणि एक क्यूटीबेसचा, दोन्ही मुख्य खिडकी तयार होण्याच्या आधी इन्स्टॉल झालेले. पायथनमध्ये ट्रान्सलेटर फंक्शनच्या आतल्या साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवलात तर फंक्शन संपल्यावर तो कचऱ्यात जाऊ शकतो आणि भाषांतर गायब होतं, म्हणून ॲप्लिकेशन ऑब्जेक्टच त्याला पेरेंट म्हणून द्या. लोड हे फंक्शन खरं-खोटं परत देतं ते तपासा, बहुतेक लोक तपासत नाहीत आणि मग फाइलच सापडलेली नसताना बाकी सगळीकडे चूक शोधत बसतात.

आता क्यूलायब्ररीइन्फोला, म्हणजे क्यूटीच्या फाइली कुठे आहेत ते सांगणाऱ्या क्लासला, ट्रान्सलेशन्सचा पाथ विचारा आणि त्या फोल्डरमध्ये मराठीची, म्हणजे एमआर कोडची क्यूटीबेस फाइल आहे का बघा. नसेल तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे क्यूटीच्या सोर्समधून दुसऱ्या कुठल्याही भाषेची क्यूटीबेसची टीएस फाइल घ्यायची, एलकन्व्हर्ट या क्यूटीच्या साधनाने तिच्यातली भाषांतरं काढून टाकायची, लक्ष्य भाषा मराठी करायची आणि भरायला बसायचं. पण त्या फाइलमध्ये शेकडो स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचे तुकडे, असतात, त्यातल्या कितीतरी नेटवर्कच्या आणि डेटाबेसच्या चुकांच्या, तुमच्या वाचनालयात कोणाला कधी दिसणारही नाहीत. दुसरा रस्ता मला जास्त पटतो. क्यूटी भाषांतर शोधताना कॉन्टेक्स्टचं, म्हणजे शब्द ज्या गटात नोंदवलाय त्याचं, नाव आणि मूळ इंग्रजी मजकूर एवढंच बघतं, ते कोणत्या फाइलमधून आलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तेव्हा तुमच्याच कोडमध्ये एक कधीही न बोलावलं जाणारं फंक्शन लिहा, त्यात क्यूकोअरॲप्लिकेशनचं ट्रान्सलेट वापरून क्यूप्लॅटफॉर्मथीम या कॉन्टेक्स्टखाली ओके, सेव्ह, सेव्ह ऑल, ओपन, येस, नो, अबॉर्ट, रीट्राय, इग्नोर, क्लोज, कॅन्सल, डिसकार्ड, हेल्प, अप्लाय, रीसेट, रिस्टोअर डीफॉल्ट्स या स्ट्रिंग लिहून ठेवा. एलअपडेट त्या उचलेल, लिंग्विस्टमध्ये तुमच्याच फाइलमध्ये दिसतील, पुढच्या वेळी 'जुनी झालेली' म्हणून बाहेरही फेकल्या जाणार नाहीत, आणि क्यूटीबेसचा वेगळा ट्रान्सलेटरही मग लागत नाही. मजकूर मात्र तंतोतंत हवा, येस आणि नो मध्ये & चिन्ह आहे, ते विसरलात तर जुळणार नाही आणि बटण शांतपणे इंग्रजीतच राहील.

एक गोष्ट डॉक्युमेंटेशनमध्ये पटकन सापडत नाही. 'डिसकार्ड' हे बटण सगळीकडे डिसकार्ड नसतं. मॅकवर क्यूटी तिथे 'डोन्ट सेव्ह' लिहितं आणि ते क्यूकोकोआथीम या कॉन्टेक्स्टमध्ये असतं, लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर 'क्लोज विदाउट सेव्हिंग' लिहितं आणि कॉन्टेक्स्ट असतो क्यूग्नोमथीम, तिथे ओके, सेव्ह, कॅन्सल आणि क्लोज यांच्या आधीही & लागलेला असतो. म्हणून विंडोजवर सगळं मराठी दिसतंय आणि उबंटूवर पुन्हा इंग्रजी असं झालं तर घाबरू नका, तिन्ही कॉन्टेक्स्टमध्ये भाषांतर द्या. केडीई प्लाझ्मा या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपवर, लिनक्सबरोबर आलेलाच क्यूटी वापरला असेल तर, बटणांचे शब्द प्लाझ्माच देतं आणि ते त्याच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे येतात, तिथे तुमची फाइल बघितलीच जात नाही.

फाइलच्या खिडकीचं वेगळं आहे. विंडोजवर 'फाइल उघडा'साठी क्यूटी विंडोजचीच खिडकी आणतं, तिच्यातला मजकूर विंडोजच्या डिस्प्ले भाषेतला, तुमच्या हातात फक्त शीर्षक आणि फाइल प्रकारांची नावं. नेटिव्ह डायलॉग नको असा पर्याय दिला तर क्यूटीची स्वतःची खिडकी येते आणि ती क्यूफाइलडायलॉग कॉन्टेक्स्टमधून पूर्ण मराठी करता येते, पण मी तसं करू नका म्हणेन. वाचनालयातल्या माणसाला विंडोजची खिडकी रोजची आहे, डाव्या बाजूला डेस्कटॉप कुठे, पेन ड्राइव्ह कुठे हे त्याच्या हाताला माहीत आहे, भाषेसाठी ती सवय मोडू नये. विंडोजच मराठीत केलं तर ती खिडकीही मराठीत येते.

आता शब्द. डायलॉगचा प्रश्न आणि त्याखालची बटणं एकत्रच भाषांतरित करायची, हे एवढं एक पाळलंत तरी निम्मं काम झालं. लिंग्विस्ट काय, दुसरं कुठलंही साधन काय, स्ट्रिंग एकेकटी दाखवतं, त्यामुळे भाषांतर करणारा कॅन्सलला 'रद्द करा' लिहून पुढे जातो आणि ते चुकीचंही नसतं. पण तुमच्याच वाचनालयातला प्रसंग घ्या. वाचकाने अनामत परत मागितली, ग्रंथपालाने त्याचं नाव निवडून कळ दाबली आणि खिडकी आली, 'या वाचकाचे सभासदत्व रद्द करायचे का?' आणि खाली दोन बटणं, 'ओके' आणि 'रद्द करा'. आता सभासदत्व रद्द करायचंय तर माणूस 'रद्द करा'च दाबणार ना? दाबतो, खिडकी बंद होते, काहीच घडत नाही आणि वाचक यादीत तसाच राहतो. याच्या उलटही होतं, चुकून उघडलेली खिडकी घालवायला 'ओके' म्हणतो आणि सभासदत्व जातं. दोन्ही भाषांतरं सुटी सुटी बरोबर आहेत, एकत्र आली की गोंधळ. इंग्रजीतही हा घोळ होतो, पण मराठीत जास्त, कारण सभासदत्व, पावती, आरक्षण, बैठक सगळं आपण 'रद्द'च करतो.

अशा ठिकाणी स्टँडर्ड बटण वापरूच नका. मेसेज बॉक्सच्या ॲडबटणला स्वतःचा मजकूर आणि रोल, म्हणजे ते बटण कोणत्या प्रकारचं काम करतं ते, देता येतो, एकावर 'सभासदत्व रद्द करा', रोल डिस्ट्रक्टिव्ह, दुसऱ्यावर 'राहू द्या', रोल रिजेक्ट, आणि एंटर दाबल्यावर लागू होणारं बटण 'राहू द्या' ठेवा. 'राहू द्या' मला फार आवडतं, काउंटरवरचा माणूस असंच बोलतो, 'राहू द्या, नंतर बघू'. काही जणांना ते ॲपमध्ये बोलीतलं वाटतं, पण त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. रोल दिल्यामुळे बटणांचा क्रम त्या त्या सिस्टमच्या पद्धतीप्रमाणे क्यूटीच लावतं, तो हाताने ठरवू नका.

बाकी ठिकाणी कॅन्सलला 'रद्द करा' हेच ठेवा, ते आता रुळलंय, विंडोजवर, लिनक्सवर, मोबाइलवर सगळीकडे तेच दिसतं, नवीन शब्द आणून काही मिळवायचं नाही. फक्त तो शब्द कॅन्सलपुरताच राखून ठेवा. अबॉर्ट, डिसकार्ड आणि कॅन्सल तिन्हींना 'रद्द करा' लिहिलेली ॲप मी पाहिलीत, एकाच खिडकीत शेजारी शेजारी दोन 'रद्द करा'. अबॉर्ट म्हणजे चालू असलेलं काम मध्येच सोडणं, त्याला 'काम थांबवा' म्हणा. डिसकार्डला 'टाकून द्या' लिहिलं तर लोक विचारतात काय टाकून द्या, फाइल का? त्यापेक्षा 'सेव्ह करू नका' लिहा, मॅकवाल्यांनी इंग्रजीतही हेच केलंय आणि ते शहाणपणाचं आहे. क्लोज म्हणजे 'बंद करा', यात वाद नाही. इग्नोरला 'दुर्लक्ष करा' सगळीकडे दिसतं, मला पटत नाही, कारण बटण म्हणजे माणसाने मशीनला दिलेला हुकूम, आणि माणसाला मशीनने कशाकडे दुर्लक्ष करावं हे सांगायचं नसतं, काम पुढे न्यायचं असतं, म्हणून 'तरीही पुढे जा'. रीट्राय 'पुन्हा प्रयत्न करा', अप्लाय 'लागू करा'. 'पूर्ववत करा' हे अनेक ठिकाणी अनडूसाठी वापरलं जातं, तेव्हा रीसेटला ते देऊ नका, सरळ 'रीसेट करा' लिहा, आणि रिस्टोअर डीफॉल्ट्सला 'मूळ सेटिंग परत आणा'.

सेव्हवर मराठीत एकमत नाही. कुठे 'साठवा', कुठे 'जतन करा', कुठे 'सेव्ह करा', आणि तिन्ही समजतात. अशा शब्दांची यादी ठरवायला फ्युएल नावाचा प्रकल्प आहे, डेस्कटॉपवर वारंवार येणाऱ्या नोंदींसाठी, तो रेड हॅट या लिनक्स कंपनीतल्या भाषांतरकारांनी सुरू केला आणि त्यात मराठीची यादीही आहे, मायक्रोसॉफ्टचंही मराठीसाठी स्टाइल गाइड आणि शब्दसंग्रह खुला आहे, दोन्ही समोर ठेवून बसा. लिब्रेऑफिस किंवा ग्नोमसारख्या प्रकल्पाला भाषांतर देत असाल तर तिथे आधीपासून जो शब्द आहे तोच पाळायचा, तुम्हाला आवडो न आवडो, कारण एकाच खिडकीत अर्धे शब्द एका पद्धतीचे आणि अर्धे दुसऱ्या हे सगळ्यात वाईट. पण हे तुमचं स्वतःचं ॲप आहे आणि वापरणारे दिवसभर 'सेव्ह केलं का' असंच एकमेकांना विचारतात, तर मी 'सेव्ह करा' घेईन. फाइललाही 'फाइल'च. विकिपीडियावर 'संचिका चढवा' चालतं, तिथल्या लोकांना सवय आहे, तुमच्या काउंटरवर चालणार नाही. एकदा ठरलं की शब्दांचा एक कागद करा आणि ॲपभर तोच.

वाक्यांची गोष्ट. इंग्रजीतल्या 'आर यू शुअर'चं 'तुम्हाला खात्री आहे का?' आणि 'डू यू वाँट टू'चं 'तुम्ही इच्छिता का?' हे इतकं पसरलंय की ते आता मराठी वाटायला लागलंय, पण दुकानात कोणी असं विचारतं का? आपण विचारतो 'नक्की काढून टाकायचे का?' हे 'करायचे का' रूप डायलॉगसाठी उत्तम आहे, त्यात कर्ता लागत नाही, बाई आहे की पुरुष हा प्रश्न येत नाही, वाक्य छोटं होतं आणि शेवटी क्रियापद येतं ज्याच्या लगेच खाली बटण असतं. मी इथे 'करायचं' असं बोलल्यासारखं लिहितोय, पण ॲपमध्ये 'करायचे' हे लेखी रूप ठेवा, अनुस्वार असलेली रूपं मेनूमध्ये आणि छापील पावतीवर विस्कळीत दिसतात. 'कृपया' प्रत्येक मेसेजला लावू नका, 'करा' यात आदर आहेच. आणि नकारार्थी प्रश्नाखाली 'हो' आणि 'नाही' कधीच नको, 'बदल सेव्ह करायचे नाहीत का?' याला 'हो' म्हणजे काय हे दोन माणसं दोन प्रकारे सांगतील.

मग येतात नावं घातलेले मेसेज, इथे मराठीचं व्याकरण खरोखर आडवं येतं. क्यूफाइलडायलॉगमध्ये एक स्ट्रिंग आहे, अमुक फाइल आधीच आहे, ती बदलायची का, आणि अमुकच्या जागी %1 असतं. तिथे कोणतं नाव येईल माहीत नाही, त्यामुळे त्याचं लिंग माहीत नाही, आणि त्याला 'ला', 'मध्ये', 'चे' जोडायचं तर सामान्यरूप करता येत नाही. '%1ला' लिहिलं की पडद्यावर फाइलचं इंग्रजी नाव, एक्स्टेन्शन आणि त्याला चिकटलेला 'ला' असं काहीतरी विचित्र दिसतं. उपाय सोपा आहे, नावानंतर एक सामान्य नाम उभं करा आणि विभक्ती त्याला लावा. "'%1' ही फाइल आधीपासून आहे. तिच्या जागी नवी ठेवायची का?", "'%1' या फाइलमधले बदल सेव्ह करायचे का?", "'%1' या वाचकाकडे अजून पुस्तके बाकी आहेत." लिंग, वचन, सामान्यरूप सगळं त्या 'फाइल'ने आणि 'वाचका'ने सांभाळलं. एवढी एक युक्ती सगळीकडे लावली तर वाक्यं माणसाने लिहिल्यासारखी वाटतात. %1 मधला आकडा मात्र इंग्रजीच ठेवा, आणि दोन जागा असतील तर क्रम हवा तसा फिरवा, क्यूटीला चालतं, मराठीत बहुतेक वेळा फिरवावाच लागतो.

अनेकवचनासाठी टीआरचा, म्हणजे भाषांतर मागणाऱ्या क्यूटीच्या फंक्शनचा, टक्का-एन (%n) वाला प्रकार वापरा, लिंग्विस्ट मराठीसाठी दोन रूपं मागेल, एकवचन आणि अनेकवचन. इथे फक्त नाम बदलून भागत नाही, क्रियापदही बदलतं, 'फाइल हटवली' आणि 'फाइली हटवल्या', 'पुस्तक परत आले' आणि 'पुस्तके परत आली', म्हणून वाक्य तुकड्यांनी जोडू नका, आख्खं वाक्य दोनदा लिहा. आणि आकडे. युनिकोडच्या सीएलडीआर डेटामध्ये, म्हणजे भाषांच्या तारखा-आकड्यांच्या पद्धतींच्या संग्रहात, मराठीचे डीफॉल्ट आकडे देवनागरी आहेत, हिंदीचे तसे नाहीत, म्हणून क्यूलोकॅल (क्यूटीची भाषा-प्रदेशाची सेटिंग) मराठी केलं की त्यातून जाणारा आकडा ५ असा येतो. पण साधा टक्का-एन इंग्रजी आकडा घालतो. मग एकाच खिडकीत तारखेत देवनागरी आणि मेसेजमध्ये इंग्रजी अशी खिचडी होते. देवनागरी हवे असतील तर टक्क्यानंतर मोठा एल घाला, टक्का-एल-एन (%Ln). वाचनालयात दाखल क्रमांक रजिस्टरमध्ये जसे लिहितात तसे ठेवा, तेवढं एकदा ग्रंथपालांना विचारा.

कीबोर्ड शॉर्टकटबद्दल. & ज्या अक्षराच्या आधी असतो त्याच्याखाली रेघ येते आणि ऑल्टबरोबर ते दाबता येतं. 'र&द्द' असं मध्येच घालू नका, जोडाक्षराजवळ रेघ आणि अक्षर दोन्ही बिघडतात. 'हो' या शब्दाच्या सुरुवातीला घालता येतो, पण मग ऑल्ट आणि ह चालायला मराठी कीबोर्ड चालू असावा लागतो, आणि तुमचा माणूस वाचकाचा ईमेल टाइप करून इंग्रजी कीबोर्डवर असतो. जुनी पद्धत आहे शेवटी कंसात इंग्रजी अक्षर आणि त्याआधी &, म्हणजे 'हो' आणि कंसात वाय. दिसायला फार सुंदर नाही पण चालते. बटणं कमी असतील तर मी शॉर्टकट सरळ काढून टाकतो, टॅब, एंटर आणि एस्केप पुरतात.

ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत स्वतंत्र आलं, त्याआधी अ, मग न दिसणारा जोडक, मग अर्धचंद्र असं लिहायचे. दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात पण कॉम्प्युटरला वेगळी, शोधात सापडत नाहीत, तेव्हा सगळीकडे नवंच अक्षर घ्या. बटणांना आणि लेबलांना ठरावीक उंची देऊ नका, वेलांटी आणि उकार कापले जातात, लेआउटला त्यांची जागा ठरवू द्या.

इन्स्टॉलर बनवताना क्यूएम फाइली (टीएसपासून बनणाऱ्या, ॲप वाचतं त्या) ॲपच्या रिसोर्समध्येच घाला, म्हणजे पाथचा प्रश्न राहत नाही, नाहीतर तुमच्या मशीनवर मराठी आणि वाचनालयातल्या मशीनवर इंग्रजी होईल. देण्याआधी प्रत्येक डायलॉग एकदा उघडून त्याचा फोटो छापा, आणि ॲप कधी न पाहिलेल्या माणसाला तो कागद दाखवून एवढंच विचारा, हे बटण दाबलं तर काय होईल? जिथे तो थबकतो तिथलं बटण पुन्हा लिहा.